सहावा अलार्म

१

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी सात हॉस्पिटलांचे रक्ताचे रिपोर्ट डॉक्टरांच्या स्क्रीनवर यायचे थांबले, आणि अलार्म वाजला नाही.

रिपोर्ट थांबणं ही काही बातमी नव्हे. सॉफ्टवेअर थांबतंच, मधल्या काळात ते चालतं, त्याला आपण नोकरी म्हणतो. पण थांबलं की अलार्म वाजायला हवा, निदान आठ जणांचे फोन खणाणायला हवेत. लॅबमधून डॉक्टरांपर्यंत रिपोर्ट पोचवणाऱ्या या कंपनीची अर्धी इभ्रत त्या अलार्मवर होती. उरलेली अर्धी लिफ्टशेजारच्या कुंड्यांवर.

अकरा पस्तीसला एका सर्जनचा फोन आला. टेबलावर पेशंट झोपवून ते पंचवीस मिनिटं एका आकड्याची वाट पाहत होते. त्यांनी जे शब्द वापरले ते रिसेप्शनवरच्या बाईंनी इमानानं कागदावर उतरवले, आणि एकदा वाचून कागद फाडून टाकला. पेशंट सुखरूप होता. रक्त पुन्हा तपासून काम भागलं होतं. पण मग कंपनीत अशी पळापळ झाली की कोण कुठून कुठं चाललंय हे पळणाऱ्यालाही कळेना. आणि अकरा अठ्ठेचाळीसला, कोणी कशाला हात लावण्याआधीच, रिपोर्ट जसे गेले होते तसे परत आले.

बारा वाजता साहेबांनी थोरलीला केबिनमध्ये बोलावलं.

थोरली म्हणजे टेस्टर. चौदा वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधत होती आणि त्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिची धाकटी जाऊ याच कंपनीत मॉनिटरिंगची, म्हणजे त्या अलार्मची, प्रमुख होती. म्हणून ऑफिसात दोघींना थोरली आणि धाकटी अशीच नावं पडली होती. खरी नावं फक्त पगारपत्रकाला ठाऊक.

साहेबांनी स्क्रीन तिच्याकडं वळवला. "वाचा."

लॉगमध्ये एकच नोंद होती. दहा बावन्न. पाच अलार्म एका तासासाठी म्यूट. कारण: काम चालू आहे. म्यूट करणाऱ्याचं नाव: धाकटीचं.

"पाच वाजता हॉस्पिटलवाल्यांना नाव द्यायचंय," साहेब म्हणाले.

"नाव की कारण?"

"कारण त्यांना कळत नाही हो. नाव कळतं."

"मग हे मला कशाला? लॉग तर तुमच्यासमोर आहे."

"चौकशी झाली असं दिसायला नको? आणि तुम्ही घरच्या. उद्या कोणी म्हणायला नको की बाहेरच्यानं डाव साधला." साहेब माणसं ओळखण्यात पटाईत होते, असं ते स्वतः सांगत. ते जरा पुढं वाकले. "तिला ती जागा सोडावी लागेल. मग मॉनिटरिंग कोणाकडं तरी द्यावं लागेल. तुम्ही तयारीत राहा."

थोरलीला इतका आनंद झाला की तो लपवायला तिला चेहरा पाडून बसावं लागलं.

"फार वाईट झालं," ती म्हणाली.

२

जळणं हा शब्द थोरलीला मान्य नव्हता. ती फक्त लक्ष ठेवून होती.

चार वर्षांपूर्वी दीर लग्न करून धाकटीला घरी घेऊन आला, तेव्हा तिचा बायोडाटा साहेबांच्या हातात थोरलीनंच दिला होता. स्वतःच्या हातानं, नीट घडी करून. त्या हाताला ती अजून माफ करू शकली नव्हती. धाकटी आली, दोन वर्षांत सगळ्यांची लाडकी झाली आणि चार महिन्यांपूर्वी प्रमुख झाली. घरीही तेच. सासूबाईंचा फोन अडला की "धाकटी येऊ दे, तीच बघेल." थोरली समोर बसलेली असे. चौदा वर्षांचा अनुभव मांडीवर घेऊन.

धाकटी प्रमुख झाली त्या आठवड्यात थोरलीनं एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो दर मिनिटाला धाकटीच्या डॅशबोर्डवर डोकावून येई आणि टिपून ठेवी: कुठला अलार्म उशिरा वाजला, कोण लॉगिन होतं, कुठल्या मशीनवरून, शेवटचं बटण कधी दाबलं. नोंदी एका फाइलमध्ये जमा होत. फाइलचं नाव 'किरकोळ'. थोरली त्यात अधूनमधून स्वतःच्या हातानंही भर घाली. चार महिन्यांत तेहेतीस चुका जमल्या होत्या. रात्री झोप लागली नाही की ती मनातल्या मनात त्या मोजे, आणि झोप लागे.

मॉनिटरिंगवर असं चोरून मॉनिटरिंग ठेवणं हे कुठल्या नियमात बसत नव्हतं. म्हणून ही फाइल ती कोणाला दाखवू शकत नव्हती. तेवढं एकच दुःख होतं.

धाकटी आपल्या केबिनमध्ये सरळ बसून होती. डोळे कोरडे, केस जागच्या जागी. थोरलीला तेही आवडलं नाही.

"वहिनी, मी काहीही म्यूट केलेलं नाही."

"लॉग तसं म्हणत नाही."

"लॉगमध्ये माझं नाव आहे. मी नाही."

"साडेदहापासून तू वर काचेच्या खोलीत पाहुण्यांना नवी योजना समजावत होतीस. बरोबर?"

"हो. खाली मॉनिटरिंगला बसतात त्या दोघांनाही साहेबांनी वर बोलावलं होतं. पाहुण्यांना खुर्च्या भरलेल्या दिसाव्यात म्हणून."

"म्हणजे खालची खोली रिकामी. आणि दहा एक्कावन्नला तू पाहुणे सोडून बाहेर गेलीस. आठ मिनिटं."

धाकटीनं खुर्ची तिच्याकडं वळवली. मग म्हणाली, "तुम्हाला कसं माहीत?"

थोरली क्षणभर अडखळली. "काचेची खोली आहे. माझ्या जागेवरून दिसते. कुठं गेली होतीस?"

"जिन्यात. फोन आला होता."

"कोणाचा?"

"ते नाही सांगणार."

"अगं, नोकरी जायची वेळ आली आहे तुझी!"

"माहीत आहे."

"दुसऱ्या कंपनीचा होता? जागा मिळतेय कुठं?"

धाकटीनं तिच्याकडं असं पाहिलं की थोरलीला उगाचच पदर, म्हणजे ओढणी, सारखी करावीशी वाटली. "वहिनी, तुम्ही दुसरं काहीही विचारा. तो फोन माझा एकटीचा नाही."

थोरलीनं नियमाप्रमाणं तिचा लॅपटॉप आणि फोन ताब्यात घेतला. दाराशी पोचली तेव्हा मागून धाकटी हळूच म्हणाली, "फोन उघडू नका. तुमच्यासाठी सांगतेय."

३

तुमच्यासाठी! हे एक शब्दभर औदार्य थोरलीच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकून राहिलं, ते जिना उतरेपर्यंत.

खालच्या मजल्यावर मॉनिटरिंगची खोली आणि तिला लागून आप्पांची जागा. आप्पा म्हणजे डेटाबेस; प्रत्येक रिपोर्ट त्यातूनच पुढं जायचा. वीस वर्षं कंपनीतली सगळी माहिती त्यांच्या ताब्यात होती आणि ती ते स्वतःच्या कोठीतल्या धान्यासारखी सांभाळत. कोणी काही मागितलं की आधी "कशाला?" विचारत. प्रमुखपदासाठी त्यांचंही नाव होतं. धाकटीनं आल्या आल्या नियम केला की डेटाबेसमध्ये बदल करायचा तर रविवारी, आणि आधी लेखी कळवून. तेव्हापासून आप्पा तिला 'परवानाबाई' म्हणत.

"बसा," आप्पा म्हणाले. "चहा घेणार?"

थोरली बसली. जळणारी दोन माणसं जवळ बसली की जी ऊब येते, ती लगेच खोलीत आली.

"तुम्ही कुठं होता सकाळी?"

"इथंच. जागेवर. मला कोण बोलावतंय पाहुण्यांसमोर? माझ्या केसांमुळं कंपनी जुनी दिसते."

"शेजारच्या खोलीत कोणी आलं-गेलं?"

"माझी पाठ त्या दाराकडं. पण बाई, यात शोधण्यासारखं आहे काय? परवानाबाईंना पाहुण्यांसमोर मिरवायचं होतं. मध्येच फोन वाजून रसभंग नको, म्हणून टाकले म्यूट करून. आणि एखाददुसरा नाही हो, पाचच्या पाच! एक ठेवला नाही जागा. इतका बेजबाबदारपणा मी वीस वर्षांत पाहिला नाही."

"मीसुद्धा नाही," थोरली मनापासून म्हणाली.

"आम्हाला सांगायचं, सुईएवढा बदल केला तरी अर्ज करा. आणि स्वतः?"

"मग चालू कसं झालं परत?"

"आपोआप. होतं कधी कधी. मशीनलाही कळतं, आता पुरे."

थोरलीला चहा फार आवडला. तो संपेपर्यंत दोघांनी धाकटीचं बोलणं, चालणं आणि मेलच्या शेवटी 'आपली स्नेहांकित' लिहिणं, एवढ्या सगळ्याचा समाचार घेतला. उठताना तिला वाटलं, चौकशी म्हणतात ती हीच असेल तर रोज करावी.

वायर सापडला तो मशीन रूममध्ये, फरशीवर आडवा. तो नेटवर्कचं पाहायचा. उंची सहा फूट, जाडी नावाप्रमाणं.

"दहा पंचेचाळीसपासून मी इथंच आहे," तो फरशीवरूनच म्हणाला. "दारावर कार्ड लागतं, बघून घ्या. बाहेर पडलोच नाही. हा सेन्सर सारखा लोंबतोय."

"कसला सेन्सर?"

"तापमानाचा. धाकट्या बाईंनी शुक्रवारच्या मीटिंगमध्ये सांगितला ना? मशीन रूम तापली की वाजायला हवा म्हणून. सहावा अलार्म."

"सहावा?" थोरलीनं विचारलं.

"अहो, तुम्ही नव्हता होय मीटिंगला?" वायर उठून बसला. "आधी पाच होते, आता सहा झाले. लॅपटॉपवर सहाही दिसतात. पण खालच्या खोलीतला भिंतीवरचा टीव्ही जुना. त्यावर पाचच ओळी मावतात. सहावी खाली जाते. बाई दोन दिवस मागे लागल्यात, टीव्ही बदल. बघू म्हटलं."

थोरली तशीच उभी राहिली. चहाची ऊब अंगातून उतरत चालली होती.

४

चूक शोधणाऱ्या माणसाचा एक शाप असतो. गैरसोयीची चूकही त्याला दिसतेच.

थोरली जागेवर येऊन बसली. तिनं कागद घेतला, आणि बाजूला ठेवला. लिहिण्यासारखं फार नव्हतं. म्यूट झाले पाच. होते सहा. सहावा अलार्म धाकटीनं स्वतः बनवला होता, चारच दिवसांपूर्वी. नव्या बाळाची आई मुलं मोजताना तेवढंच नेमकं विसरेल हे संभवत नव्हतं. बरं, धाकटीनं लॅपटॉपवरून केलं असतं तर सहाही समोर होते. पाच दिसतात ते फक्त टीव्हीवर. ज्यानं कोणी हे केलं, त्यानं खालच्या रिकाम्या खोलीत टीव्हीसमोर उभं राहून, फळीवरच्या माउसनं, दिसतील तेवढे सगळे एकेक निवडून झोपवले होते. आणि टीव्ही दिवसरात्र धाकटीच्या नावानं लॉगिन असतो. त्यावर झाडूवाल्यानं जरी बटण दाबलं तरी लॉगमध्ये धाकटीचं नाव येणार.

कंपनीच्या लॉगमध्ये फक्त नाव होतं. मशीन कुठलं, याची नोंद साऱ्या इमारतीत एकाच ठिकाणी होती.

तिनं 'किरकोळ' उघडली.

धाकटी, लॅपटॉप: शेवटचं बटण दहा एकोणपन्नास. धाकटी, भिंतीवरचा टीव्ही: शेवटचं बटण दहा बावन्न.

टीव्ही सहावा लपवतो हे जिला पक्कं माहीत होतं, ती टीव्हीवरून पाचच म्यूट करून निघून गेली नसती. म्हणजे धाकटी सुटली. थोरलीनं खुर्चीला पाठ टेकली आणि पहिल्यांदाच स्वतःच्या प्रोग्रामचा तिला राग आला.

मग कोण? ज्याला सगळे अलार्म बंद करायचे होते, पण सगळे म्हणजे पाच असं वाटत होतं, तो. म्हणजे जो शुक्रवारच्या मीटिंगला नव्हता, तो. साहेबांपासून रिसेप्शनपर्यंत सगळे त्या मीटिंगला होते. न गेलेली माणसं दोन. एक आप्पा, परवानाबाईंचं भाषण ऐकायला ते जाणार नव्हते. आणि दुसरी ती स्वतः. तीही त्याच कारणानं गेली नव्हती. दुपारी आप्पा "पाचच्या पाच" म्हणाले, तेव्हा तिला काही खटकलं नाही, कारण तिच्याही हिशेबी अलार्म पाचच होते.

आणखी एक गोष्ट होती. रिपोर्ट परत सुरू झाले ते कोणी केलं? या कंपनीत कोणी साधा प्रिंटर चालू केला तरी सगळ्यांना मेल जातो. एवढी मोठी दुरुस्ती झाली आणि कोणी पुढं येऊन श्रेय घेतलं नाही, असं चौदा वर्षांत घडलं नव्हतं. श्रेय कोण सोडतो? ज्याला त्यासोबत दुसरंही काही घ्यावं लागेल, तो.

घड्याळात चार वाजून वीस मिनिटं झाली होती. तेवढ्यात टेबलावरचा धाकटीचा फोन उजळला. तिनं तो उघडला नाही. उघडावा लागलाच नाही. मेसेज पडद्यावरच आला, आणि पाठवणारीचं नाव होतं चिमणी.

चिमणी म्हणजे थोरलीची मुलगी. दुसऱ्या गावी होस्टेलवर राहून शिकत होती.

'काकू, सकाळी फोनवर रडले त्याबद्दल सॉरी. आईला अजून कळलं नाही ना? दोन विषय राहिलेत ते मीच सांगेन तिला, जरा धीर आला की.'

थोरलीनं मेसेज तीनदा वाचला. विषय राहिल्याचं तिला फारसं काही वाटलं नाही. विषय राहतात, निघतात. पण चिमणीला रडू आलं तेव्हा तिनं नंबर लावला तो काकूचा. घर, ऑफिस, सासूबाई, साहेब, सगळं धाकटीनं एकेक करून नेलं होतं, आता हेही. आणि वर ती गप्प बसून नोकरी घालवायला निघाली होती, का, तर हिला वाईट वाटू नये म्हणून! या बाईनं हिच्यासाठी नीट द्वेष करायलाही जागा ठेवली नव्हती.

समोर 'किरकोळ' उघडी होती. ती पुसून टाकायला एक बोट पुरे होतं. मग लॉग उरला असता, लॉगमध्ये नाव होतं, आणि साहेबांना नावच हवं होतं.

थोरलीनं बोट त्या बटणावर ठेवलं. बराच वेळ ते तिथं होतं.

५

पाच वाजता काचेच्या खोलीत सगळे जमले. साहेब, आप्पा, वायर, आणि कोपऱ्यात धाकटी. साहेबांनी पेनाचं टोपण काढून ठेवलं होतं.

"बोला. नाव?"

"आधी आप्पांना एक विचारते," थोरली म्हणाली. "आप्पा, आपल्याकडं अलार्म किती?"

"आता मला परीक्षा द्यायला लावणार? पाच."

"सहा," वायर म्हणाला.

"कधीपासून?"

"शुक्रवारपासून!"

आप्पांनी वायरकडं पाहिलं, मग धाकटीकडं. पेला उचलून ते पाणी प्यायले.

थोरलीनं सगळं सांगितलं. टीव्हीवरच्या पाच ओळी, टीव्हीचं लॉगिन, शुक्रवारची मीटिंग. साहेब ऐकत होते. मध्ये दोनदा त्यांनी टोपण लावलं आणि काढलं.

"थांबा," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज शांत होता. वीस वर्षं डेटाबेस सांभाळलेला माणूस सहज घाबरत नाही. "एक तर हे टीव्हीवरून झालं याला पुरावा काय? पाचच बंद झाले म्हणून? ती घाईत एक विसरली असेल. आणि दुसरं, मीटिंगला नव्हतो असे दोघं होतो म्हणता. दुसऱ्या तुम्ही. ती जागा मिळणार कोणाला? तुम्हालाच. मग टीव्हीसमोर तुम्ही नव्हता कशावरून?"

साहेबांनी थोरलीकडं पाहिलं, आणि माणसं ओळखण्याची त्यांची सगळी कला त्या एका नजरेत गोळा झाली.

थोरलीनं पिशवीतून कागद काढले. चार महिन्यांचे छापील कागद बरेच जाड होतात.

"ही माझी फाइल आहे," ती म्हणाली. "मी गेले चार महिने धाकटीच्या डॅशबोर्डवर चोरून लक्ष ठेवून आहे. दर मिनिटाला. कोणी सांगितलं नव्हतं. तेहेतीस चुका जमल्यात. हा दहा बावन्नचा टीव्ही. हा तिचा लॅपटॉप, दहा एकोणपन्नास." तिनं पान उलटलं. "आणि ही मी. माझ्या मशीनवरून, माझ्या हातानं लिहिलेल्या नोंदी. वायर, वाच मोठ्यानं."

"मी?"

"वाच रे."

वायरनं घसा साफ केला. "दहा एक्कावन्न. पाहुण्यांना सोडून बाहेर गेली. शिस्त नावाला नाही. दहा बावन्न. साहेब एकटेच हसताहेत, पाहुणे कंटाळले. दहा त्रेपन्न. अजून आली नाही. एवढा कसला फोन, महाराणींचा." तो थांबला. "चोपन्नसुद्धा वाचू?"

"नको," साहेब म्हणाले.

"पाच अलार्म एकेक निवडून, कारण टाइप करून म्यूट करायला दोन मिनिटं लागतात," थोरली म्हणाली. "मी या मजल्यावर होते, दर मिनिटाला लिहीत होते. खाली जाऊन येणं शक्य नव्हतं." तिनं कोपऱ्याकडं पाहिलं नाही. कानाच्या पाळ्या तापल्या आहेत हे तिला जाणवत होतं. "आता राहिले एकच. आणि आप्पा, डेटाबेस बिघडला तर तो अडतीस मिनिटांत दुरुस्त करणारा माणूस या इमारतीत एकच आहे. तुम्ही तो केलात, आणि मेल पाठवला नाहीत. तुम्ही! मागं डेटाबेसमधलं एक टेबल नीट केलं तेव्हा तुम्ही तीन मेल पाठवले होते."

आप्पांनी रिकामा पेला पुन्हा उचलला.

"बदल लहान होता," ते शेवटी म्हणाले. "रविवारची वाट कशाला पाहायची? कोणाला न कळता होतो, हे दाखवायचं होतं. झाल्यावर साहेबांना सांगणार होतो, बघा, परवान्यावाचून अडलं का काही. तिच्या त्या अलार्मनं मध्येच बोंब मारली असती, म्हणून झोपवले." त्यांनी पेला खाली ठेवला. "टीव्हीवर कोणाचं नाव आहे हे मी बघितलंच नव्हतं. खरंच."

"आणि दुपारी कळल्यावर?" धाकटीनं विचारलं. पहिल्यांदाच.

आप्पा टेबलावरचा पाण्याचा ओघळ पुसू लागले. थोरलीला उत्तर माहीत होतं. दुपारी कळल्यावर त्यांना बरं वाटलं होतं. तिनं त्याच बरं वाटण्यात चहा घेतला होता.

साहेबांनी कागदावर नाव लिहिलं. मग ते फाइल चाळू लागले. एक पान, दोन पानं, दहा पानं. सगळे वाट पाहत होते की आता हिचं काय होणार.

"वा," साहेब म्हणाले. "काय बारकाई आहे! अहो, असं काम सगळ्या खात्यांवर हवं."

६

दोघी रोज एकाच गाडीनं घरी जात. थोरली चालवायची, धाकटी शेजारी. त्या दिवशी बोलणं सुरू झालं ते चौथ्या सिग्नलला.

"चिमणीचा मेसेज आला तुझ्या फोनवर," थोरली म्हणाली. "मी उघडला नाही. दिसला."

"मग कळलंच तुम्हाला."

"हो."

"तिला म्हटलं होतं, आईला आधी सांग. म्हणाली, आई चूक काढेल."

थोरलीनं गिअर बदलला. नसता बदलला तरी चाललं असतं. "आज फोन करते. ती सांगेपर्यंत काही विचारणार नाही."

"जमेल?"

"नाही. पण करते."

आणखी एक सिग्नल गेला. धाकटी खिडकीबाहेर पाहत होती. सकाळपासून जागच्या जागी असलेले केस आता विस्कटले होते.

"माफी मागू का?" थोरलीनं विचारलं.

"महाराणींची?" धाकटी वळली, आणि तिचा आवाज एकदम चढला. "चार महिने, वहिनी! दर मिनिटाला! मी शिंकले तेही असेल त्यात!"

"शिंकांचं वेगळं नाही ठेवलं."

"आणि खरं सांगू? मला त्याचा राग आलाय, पण तेवढा नाही. साहेबांनी तुमचा तो गठ्ठा उघडला आणि 'वा' म्हणाले. वा! मी चार वर्षं त्या ऑफिसात रक्त आटवतेय, रविवारी जातेय, घरी आल्यावर जागतेय. एकदाही 'वा' म्हटलं नाही त्या माणसानं मला. एकदाही. नुसतं 'ठीक आहे.' आणि तुम्ही माझ्या चुका गोळा केल्यात तर तुम्हाला 'वा'! मी तिथं बसून ते ऐकत होते आणि मला वाटत होतं, तो गठ्ठा घ्यावा आणि खिडकीतून फेकून द्यावा."

थोरलीनं तिच्याकडं पाहिलं. धाकटीचे ओठ थरथरत होते, नाकाचा शेंडा लाल झाला होता, आणि ती अजिबात चांगली दिसत नव्हती. चार वर्षांत थोरलीला ती इतकी जवळची कधी वाटली नव्हती.

"ठीक आहे म्हणतात ते तुला?" तिनं विचारलं. "मला चौदा वर्षं 'बघू' म्हणतात."

धाकटी हसली नाही. रुमालानं नाक पुसलं, काचेतून समोर बघितलं आणि मग अगदी कामाच्या आवाजात विचारलं, "त्या तेहेतीस चुकांतली सगळ्यात वाईट कुठली?"

"आत्ता सांगू?"

"आत्ता. मला एकोणतीस माहीत आहेत. चार कुठल्या, ते बघायचंय."

थोरलीनं आरशात मागं पाहिलं, दिवा दाखवला आणि गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन बंद केली. अशा गोष्टी गाडी चालवता चालवता सांगण्यासारख्या नसतात. त्यांना दोन्ही हात मोकळे लागतात.